रकान्यात न बसणारा नवरा

सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्राला आम्ही आयसीटीसी म्हणतो. तिथल्या नोंदींत पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक माणसापुढे संसर्ग कशातून झाला असावा, ते लिहायचं असतं. पर्याय ठरलेले. स्त्री-पुरुष संबंध, पुरुषा-पुरुषांतले संबंध, रक्त, सुई, आईकडून बाळाला, आणि शेवटी ‘माहीत नाही’. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा रुग्णालयात मी बरीच वर्षं समुपदेशक होते, आणि त्या कागदांत या रकान्याइतकी फसवी जागा दुसरी नव्हती. समोर माणूस बसलेला असतो. लग्न झालंय, दोन मुलं आहेत, बायको बाहेर बाकावर थांबलीय. लिहिणाऱ्याचा हात आपसूक पहिल्या पर्यायाकडे जातो. पुढे तीच नोंद जिल्ह्यातून राज्याकडे, राज्यातून दिल्लीला जाते, आणि मग अहवालात छापून येतं की आपल्याकडचा संसर्ग मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधांतून पसरतो. तो तसा पसरतो हे खरंच आहे. पण त्या पहिल्या पर्यायाच्या पोटात किती जण दुसऱ्या पर्यायातले आहेत, हे त्या अहवालावरून कुणालाच कळणार नाही.

मी ज्यांच्याबद्दल लिहितेय ते पुरुष बाईशीही संबंध ठेवतात आणि पुरुषाशीही. सगळ्यांना एका माळेत ओवता येत नाही. काहींना खरोखर दोन्हींची ओढ असते. काहींना फक्त पुरुषाची. लग्न घरच्यांनी उरकलेलं असतं. काहींच्या बाबतीत ओढीचा प्रश्नच नसतो, कामाच्या गावी एका खोलीत आठ जण राहतात आणि रात्री जे होतं त्याबद्दल सकाळी कुणी बोलत नाही. काही जण पैशांसाठी जातात. मुंबई-पुण्याच्या स्पॉटवर, म्हणजे असे पुरुष एकमेकांना भेटतात त्या जागी, कोती (स्वीकारणारा), पंथी (करणारा), डबल-डेकर (दोन्ही) अशी नावं चालतात आणि संस्थांचे कार्यकर्ते ती सहज वापरतात. माझ्यापुढे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कानावर यातलं एकही नाव पडलेलं नव्हतं. ते स्वतःला पुरुष म्हणायचे, अमक्याचा नवरा म्हणायचे, तमक्या गावचा म्हणायचे, बस्स.

एकाबद्दल सविस्तर सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. खतं आणि कीटकनाशकं विकणाऱ्या एका कंपनीत तो फिरतीवर होता. आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरगावी, लॉजवर मुक्काम. बायकोला दिवस गेले, नाव नोंदवताना रक्त तपासलं आणि ती पॉझिटिव्ह निघाली. गरोदरपणात ही तपासणी सगळ्यांचीच होते, त्यामुळे आपल्याकडे कितीतरी घरांत एचआयव्ही पहिल्यांदा कळतो तो बाईचा. तो आला, त्याचंही रक्त घेतलं, तोही पॉझिटिव्ह. दरम्यान सासूने निकाल देऊन टाकला होता. पोराचा पायगुण चांगला, पोरगा माळकरी, तेव्हा हे सुनेनेच माहेरून आणलं.

त्याला मी एकट्याला आत बसवलं. बायकोशिवाय दुसऱ्या कुठल्या बाईशी संबंध आला होता का, असं विचारलं. त्याने गळ्यातल्या माळेला हात लावला. “मॅडम, आईची शपथ. बायको सोडून कुठल्या बाईला हात लावला नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. शब्दनशब्द खरं होतं. आणि त्या खऱ्या उत्तराने बाहेर बसलेली पाच महिन्यांची गरोदर बाई गुन्हेगार ठरत होती.

मी त्याच आवाजात पुढचा प्रश्न विचारला. “आणि पुरुषांशी?”

तो बराच वेळ टेबलावरच्या कंडोमच्या डबीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ते ह्यात धरायचं होय? ती आपली मस्ती असते, मॅडम. पोराबरोबर कसला एड्स?”

हे मी अनेकांकडून, वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे. याला अडाणीपणा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण हे आपणच त्यांना शिकवलं आहे. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूने देशातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले ते देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये. पुढची कित्येक वर्षं या आजाराचं आपल्या डोक्यातलं चित्र तेच राहिलं: एक बदनाम वस्ती, एक बाई, एक ट्रक ड्रायव्हर. २००२च्या अखेरीस एड्सविषयीच्या एका जाहिरात मोहिमेत मुंबईभर ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ असे फलक झळकले. मोहीम गाजली, लोकांनी हेल्पलाइनला फोन केले, तिचा उपयोग झाला हे मी नाकारत नाही. पण जाहिरातीतला बलबीर जायचा देहविक्रय करणाऱ्या मंजुळाकडे. त्या काळातल्या कुठल्याही एसटी स्टँडवरच्या पोस्टरवर बलबीर आपल्या मित्राकडे गेलेला मला आठवत नाही. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या माणसानेही ती पोस्टरं नीट वाचली आणि त्यातून अगदी बिनचूक निष्कर्ष काढला: बाई धोक्याची, पुरुष सुरक्षित.

शरीराचं गणित याच्या नेमकं उलट आहे. उपचार न घेणाऱ्या बाधित जोडीदाराशी कंडोमशिवाय संबंध आला, तर गुदसंभोगात स्वीकारणाऱ्या व्यक्तीला लागण होण्याची शक्यता दर दहा हजार संबंधांमागे साधारण १३८ धरली जाते. योनिसंभोगात बाईसाठी हाच आकडा ८ आहे. या झाल्या सरासऱ्या. जोडीदाराला संसर्ग नुकताच झालेला असला किंवा दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम असली, तर त्या वर जातात. कारण साधं आहे. गुदमार्गाचं आतलं अस्तर पातळ आणि नाजूक असतं, त्याला स्वतःचा ओलावा नसतो, ते चटकन फाटतं. म्हणून लोक काहीतरी लावतात. लॉजच्या खोलीत काय असतं? खोबरेल तेलाची बाटली, व्हॅसलीन, नाहीतर थुंकी. तेलाने लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांत कमकुवत होतो आणि फाटतो. म्हणजे ज्याने एवढी काळजी घेऊन कंडोम वापरला, त्याचाही घात खोबरेल तेल करतं. पाण्यात मिसळणारं जेल लागतं, आणि तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे ते मागायला जी छाती लागते ती मी त्या माणसांमध्ये फार क्वचित पाहिली. ज्यांच्यापर्यंत संस्थेचे कार्यकर्ते पोचत त्यांना ते फुकट मिळायचं. पण कार्यकर्ते स्पॉटवर जातात, आणि माझा खतवाला स्पॉटवर कधीच गेला नव्हता. त्याचे सगळे दोस्त फिरतीतले आणि लॉजमधले. नंतरनंतर मोबाइलवरच्या अॅपवरचे.

मूळव्याधीबद्दलही इथेच लिहून टाकते. गुदद्वाराशी फोड, चट्टा किंवा स्राव घेऊन हा माणूस सरकारी दवाखान्यात जात नाही. तो जातो ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ असा बोर्ड लावलेल्याकडे. तिथे मलम मिळतं, कधी इंजेक्शन मिळतं, पण तिथे कुणी काही विचारत नाही. सिफिलिसची जखम सहसा दुखत नाही आणि आपोआप भरतेही, म्हणून बरं वाटतं. सिफिलिस मात्र आतच राहतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे, औषधांची रंगीत किट आहेत, सगळं फुकट आहे. तिथेही डॉक्टर बहुतेक वेळा पुढची बाजू तपासून किट देतात, कारण पेशंट पुढचंच सांगतो. पाठ करून झोपायला सांगणारा डॉक्टर मिळणं हे नशीब समजायचं.

देशपातळीवरचे आकडे असे आहेत. २०२१च्या सुमारास प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण ०.२१ टक्के होतं. त्याच काळातल्या सर्वेक्षणात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते सव्वातीन टक्क्यांच्या घरात निघालं, म्हणजे पंधरापट. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या पाहण्यांमध्ये हेच प्रमाण दोन आकडी असायचं. तिथून ते खाली आणण्यात समलैंगिक पुरुषांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांचा वाटा मोठा आहे. अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ती सुरू केली, तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायद्याच्या पुस्तकात होतं, आणि लखनौमध्ये तर २००१ साली एचआयव्हीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच त्या कलमाखाली तुरुंगात टाकलं होतं. तरीही हे सगळे आकडे जे मोजले गेले त्यांचे आहेत. संस्थेच्या यादीत ज्याचं नाव आहे, जो स्वतःहून ‘होय, मी पुरुषांकडे जातो’ म्हणाला, त्याचंच रक्त यात आलं. आंध्र प्रदेशात साडेसहा हजारांहून जास्त अशा पुरुषांची मोठी पाहणी झाली होती, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले दहापैकी सुमारे चार विवाहित होते आणि जवळपास निम्म्यांचा मागच्या तीन महिन्यांत बाईशी संबंध आला होता. ही यादीतल्यांची गोष्ट. यादीबाहेरच्यांमध्ये विवाहितांचं प्रमाण किती असेल, याचा अंदाज कुणाही मराठी घरातल्या माणसाला करता येईल.

कारण आपल्याकडे लग्न ही विचारून करायची गोष्ट नाही. मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा झाला की स्थळं येतात. त्याने टाळाटाळ केली की आधी पत्रिका दाखवतात, मग डॉक्टर, मग मामा समजूत घालतो. काही आयांना तर सगळं कळलेलं असतं. “लग्न झालं की होईल सरळ” हे वाक्य मी आयांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि दुर्दैवाने डॉक्टरांच्या तोंडूनही. कुणाच्या तरी मुलीचा औषध म्हणून वापर करायचा हा सल्ला आहे, आणि तो देणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, याचा मला आजही संताप येतो. ३७७ बाबत २०१८च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, प्रौढांचे संमतीने होणारे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या वधू-वर मेळाव्यांत त्याने काडीचाही फरक पडला नाही.

त्या मुलीची बाजू कुणी फारशी लिहीत नाही. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी निम्म्यांच्या आसपास स्त्रियांची नसबंदी झालेली असते. दुसऱ्या मुलानंतर ‘ऑपरेशन’ उरकून घेण्याची आपली रीतच आहे. आता विचार करा. जिचं ऑपरेशन झालंय तिच्या घरात नवऱ्याने एक दिवस कंडोमचं पाकीट आणलं. कशासाठी आणलं असं तो सांगणार? मूल होण्याची भीती नाही, म्हणजे कारण एकच उरतं. आणि तिने मागितलं, तर तिच्यावरच संशय. बाहेर जो माणूस दहातल्या सात वेळा कंडोम वापरतो तोच घरी कधीच वापरत नाही, याचं मूळ बेफिकिरीपेक्षा मला इथे जास्त दिसतं. आमच्या प्रशिक्षणांत हे पुरुष ‘सर्वसाधारण लोकसंख्येत’ संसर्ग नेतात असं शिकवायचे. ती सर्वसाधारण लोकसंख्या म्हणजे हीच बाई. आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेली. कुठल्याही जोखमीच्या गटात तिचं नाव नाही, म्हणून गरोदर राहीपर्यंत तिचं रक्तही कुणी तपासत नाही. ऑपरेशन होऊन गेलेलं असलं तर तीही वेळ येत नाही. मग ती येते थेट टीबी झाल्यावर.

बायकोला सांगायचं की नाही, हा प्रश्न समुपदेशकाच्या टेबलावर रोज असतो. २०१७चा एचआयव्ही कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याने गोपनीयता नीट बांधून दिली आणि एक वाट मोकळीही ठेवली. जोडीदाराला खरोखर धोका आहे, रुग्णाला सांगण्याबद्दल समजावलंय, तरी तो सांगणार नाही अशी खात्री झालीय, तर त्याला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला प्रत्यक्ष भेटीत सांगू शकतो. मात्र सांगायचं ते एवढंच, की नवरा बाधित आहे. संसर्ग कुणाकडून आला हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, आणि तो नसावा असंच माझं मत आहे. सहकाऱ्यांशी यावरून माझे वाद झाले आहेत. ‘तिला पूर्ण खरं कळायला नको का’ हे त्यांचं म्हणणं मला समजतं. पण तिच्या जिवाला ज्याची गरज आहे ते खरं वेगळं, आणि त्याच्या आयुष्याचं जे आहे ते वेगळं. पहिलं तिला लगेच कळलं पाहिजे. दुसरं सांगायचं की नाही, केव्हा सांगायचं, ते त्याच्याकडे.

खतवाल्याने पुढच्या खेपेला आईला सोबत आणलं. बायको होतीच. माझ्यासमोर त्याने आईला सांगितलं, “हे माझ्याकडून आलंय. तिला बोलू नका.” कसं आलं ते आईने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. बायकोने मात्र त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून तिला काहीतरी आधीच ठाऊक असावं असं मला वाटलं. तिने मला विचारलं ते बाळाबद्दल. उपचार न घेता आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असतो, वेळेत गोळ्या सुरू केल्या तर तो पाचाच्या खाली येतो, असं मी तिला सांगितलं. गोळ्या तिने एक दिवस चुकवल्या नाहीत. अठराव्या महिन्यात मुलीची शेवटची तपासणी झाली, निगेटिव्ह.

आज हे लिहिताना मनात आशा आहे ती त्या गोळ्यांमुळे. १ एप्रिल २००४ पासून सरकार एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, फुकट देतं. आधी सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या रक्तातल्या पेशी, ठरावीक आकड्याखाली जाईपर्यंत थांबावं लागायचं. २०१७ पासून पॉझिटिव्ह आला की लगेच उपचार. आता बहुतेकांना डोल्युटेग्राव्हिर असलेली एक गोळी दिवसातून एकदा पुरते. जुन्या गोळीने रात्री भलभलती स्वप्नं पडायची, चक्कर यायची, लोक कंटाळून सोडून द्यायचे. गोळी नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबला, की संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराचं रक्षण होतं, हे २०११ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवून दिलं, त्यात भोसरीच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेमार्फत पुण्यातली जोडपीही होती. मराठी वर्तमानपत्रांत याचा मोठा मथळा व्हायला हवा होता. ज्याला लागण नाही पण धोका आहे, त्याच्यासाठी रोज घ्यायची प्रेप नावाची प्रतिबंधक गोळीही आहे. ती भारतातच बनते, पण ती मिळते बहुतेक खासगीतच, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि तालुक्याच्या डॉक्टरला तिचं नाव माहीत असलं तर.

म्हणजे औषध आहे, जेल आहे, कायदा आहे, फुकट तपासणी आहे. अडतं ते त्या माणसाला केंद्राच्या दारापर्यंत आणण्यात. आल्यावर त्याला सरळ विचारण्यात. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समलैंगिकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला, मराठीतून हेल्पलाइन चालवली, मराठीत लिहिलं. सांगलीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या संग्राम संस्थेच्या कामातून मुस्कान ही अशा पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची संघटना उभी राहिली. अशा जागी माणूस आपल्या भाषेत बोलू शकतो. पण प्रत्येक तालुक्यात समपथिक नसतो, सरकारी समुपदेशक मात्र असतो किंवा असायला हवा. नव्याने रुजू होणाऱ्यांना मी एक सांगायचे. संबंध बाईशी, पुरुषाशी की तृतीयपंथी व्यक्तीशी, हे तिन्ही एका दमात, सगळ्यांना विचारा. भजनी मंडळातल्या आजोबांनाही विचारा, नवरदेवालाही विचारा, शिपायाची वर्दी घालून आलेल्यालाही विचारा. माणूस बघून प्रश्न गाळू नका. सगळ्यांनाच विचारतात असं दिसलं की विचारणाऱ्याचा राग येत नाही. बीडकडचा एक मुलगा आमच्याकडे शिकून गेला. त्याने नंतर फोनवर सांगितलं की ‘पुरुषाशी?’ला लोक मान खाली घालून का होईना, ‘हो’ म्हणतात, आणि इतक्या जणांची त्याची अपेक्षा नव्हती.

हे वाचून कुणी म्हणेल, लग्नाआधी सगळ्या मुलांची एचआयव्ही तपासणी सक्तीची करा, प्रश्न मिटेल. गोव्यात २००६च्या सुमारास तसा प्रस्ताव आलाही होता. मला विचाराल तर त्याने काहीही मिटणार नाही. आता कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, हे एक. दुसरं, लागण नुकतीच झालेली असेल तर काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही. आणि तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं: खतवाल्याचं रक्त साखरपुड्याच्या दिवशी तपासलं असतं तर ते निगेटिव्हच आलं असतं. त्याला लागण झाली लग्नानंतर काही वर्षांनी, हे त्याच्या रक्तदानाच्या कार्डावरून आम्हाला कळलं होतं. ते निगेटिव्ह सर्टिफिकेट सासरच्यांनी पत्रिकेसोबत जपून ठेवलं असतं, आणि पुढे पहिल्या तपासणीला सून पॉझिटिव्ह निघाल्यावर तेच तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून काढलं असतं.